बाराचं ध्यान

धंतोलीतल्या दवाखान्यात मी नंबरची वाट पाहत होतो. शेजारी उमरेडचे विणकर डोमाजी आणि त्यांची बायको बसले होते. बारा वाजले, तसे डोमाजींनी डोळे मिटले.

"इथं बी सुरू झालं का तुमचं? सून सगळ्यायले सांगते, मामाजी रोज बाराले ध्यान करून राहिले."

"हळू बोल वं, लोक आहेत. ध्यान कायचं! ती ताट वाढते, तवा तिच्याकडं पाहाची लाज वाटते. हात थरथरते, माग बंद, अन् जेवाले मी पयला."

"मंग डोळे मिटून देवाले काय सांगता?"

"आज बी वीतभर कापड विणलं नाही, हेच सांगतो."

"तो काय म्हणते?"

"काहीच नाही. पण माझ्यासमोरून ऊठ, असं बी म्हटलं नाही अजून."