ऑरिनच्या मुलींमागचा स्वल्पविराम

...आणि वर मलाच बोल लावतात! अहो, एक स्वल्पविराम घातला मी, एक! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, अर्ध्या आयोवाकडून हू कुठे, विच कुठे, दॅट कुठे ते घोकून घेतलं, आणि आता गाव मला बघून रस्ता बदलतं... यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

झालं काय, शेजारचा ऑरिन टटल गेला. भला माणूस हो, चाळीस वर्षं एकाच कुंपणाला दोन्हीकडून टेकून आम्ही मक्याच्या पिकाची काळजी केली! दुसऱ्या दिवशी त्याची बायको मेव्हिस कागद घेऊन दारात. "लेलँड, ऑरिन गेल्याचं पेपरात द्यायचंय. स्पेलिंगं तेवढी बघ." स्पेलिंगं तेवढी! मांजरापुढे दूध ठेवायचं आणि म्हणायचं, साय तेवढी मोज!

शेवटच्या ओळीत होतं, ऑरिनच्या मागे त्याच्या मुली आहेत, ज्यांनी त्याची शेवटपर्यंत सेवा केली. इंग्रजीत 'मुली' आणि पुढे 'हू'. पण हूच्या आधी स्वल्पविराम नाही! आता तो नसला की अर्थ होतो, ज्यांनी सेवा केली तेवढ्याच मुली, बाकीच्या धरायच्या नाहीत. आणि घातला की अर्थ, सगळ्या मुली, आणि सगळ्यांनीच सेवा केली. म्हटलं, बिचारी रडून थकलीय, विसरली असेल. घातला. टिंबाला शेपूट, एवढंच हो!

विसरली नव्हती! मुली तीन. ग्वेन आणि पॅटीनं बापाला दोन वर्षं उचलून बसवलं, भरवलं. तिसरी लोरेटा, बापाशी भांडून ओरेगॉनला गेली ती नऊ वर्षं फिरकली नाही, साधा फोन नाही. मेव्हिसनं तिला मुद्दाम बाहेर ठेवली होती... आणि मी दार उघडून आत घेतली! माझं काय चुकलं?

पेपर आला तसा ग्वेनचा फोन. "मिस्टर व्हॉस, सेवा सगळ्यांनी केली? डॅडला कुशीवर वळवायला लोरेटाचा हात ओरेगॉनहून पोचत होता का?" "अगं ग्वेन, व्याकरण म्हणतं..." "खड्ड्यात गेलं व्याकरण!" माझी विद्यार्थिनी हो! 'ए' दिला होता मी तिला!

आणि अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना सुरू होणार, तेवढ्यात दार वाजलं. लोरेटा! रात्रभर गाडी, विमान करत आलेली, हातातल्या फोनवर पेपर उघडा. सरळ आईसमोर. "मॉम... मी काहीच केलं नाही गं. तरी तू मला धरलंस."

आता मेव्हिस म्हणणार, तो या शहाण्याचा स्वल्पविराम! मेव्हिसनं माझ्याकडे बघितलं... किती वेळ बघितलं! मग बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. "बस," म्हणाली. पोरगी बसली आणि आईच्या खांद्यावर हमसाहमशी रडली. ग्वेन आणि पॅटी सरकल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत. आता मी काय करायचं? चुकलो म्हणावं तर ती रडतेय, बरोबर म्हणावं तर ग्वेन डोळ्यांनी खातेय! नंतर जेवणाला बटाट्याचं कॅसरोल होतं, तर पॅटीनं माझ्या ताटात नुसता चमचा आपटला. रिकामा! माझं काय चुकलं?

महिन्याभरानं मेव्हिस पुन्हा दारात. पुन्हा कागद! "लेलँड, थडग्याच्या दगडाचा मजकूर. जन्मसाल तेवढं बघ. बाकी कशाला हात लावलास तर याद राख."

वाचलं. 'द मॅन हू वी लव्ह्ड.' हू? अहो, हूम! हूम हवं! ग्रॅनाइटवर कोरणार, माझी एकतीस वर्षं त्या दगडाखाली! अगदी ओठांवर आलं... वर बघितलं. बाहेर गाडीत लोरेटा आईची वाट बघत बसली होती, आणि मागच्या सीटवर, तोंड फुगवून का होईना, ग्वेन.

"साल बरोबर आहे, मेव्हिस," म्हटलं.

बसला दगड. छान बसलाय म्हणतात. दर रविवारी फुलं घेऊन जातो मी ऑरिनकडे... चष्मा घरी ठेवून.