दोन दारांची गाडी

हसा, तुमी हसा! जळतंय माझं.

रेसची दोन दारांची गाडी घेतली, ताकद सगळी मागच्या चाकांत, त्यात कंपनीनं तोंड बदललेलं नवं मॉडेल. ट्रकवरनं देवळालीत दारापुढं उतरली आन् चुलते म्हणाले, "आता भावकीतला नवरदेव दुसऱ्या गाडीत बसला तर लोक काय म्हणतील?"

झालं! तवापासून सगळ्या वराती माझ्याच गळ्यात. करवलीला मागं चढवायला पुढचं सीट वाकवायचं, नवरदेवाचा फेटा छताखाली दाबायचा, आन् मी बँडमागं मुंगीच्या चालीनं.

परवा वरातीनं नगरचा रस्ता अडला. मागं अडकली माझ्यासारखीच गाडी, पण जुनं मॉडेल. मालक पुण्याचा. वैतागून उतरला, पण माझी गाडी बघून काचेशी आला आन् संगं चालायला लागला.

"नवं तोंड कसं वाटतं?"

"कायम हाराखाली असतं. नीट बघितलंच न्हाई."

"बरं, पळायला कशी आहे?"

म्हणलं, "पहिल्या गिअरला लई भारी हाय. दुसऱ्याचं भावकीतली लग्नं संपली की सांगतो."