दुसरी बाही

लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. मुलीच्या पिशवीतून ड्रमच्या काठ्या डोकावत होत्या, काकूंच्या पिशवीतून लोकर.

"काकू, काल माझ्या ड्रमचा फार त्रास झाला ना?"

"छे गं! काल तर तू छान वाजवलंस."

"छान? एकाच तुकड्यावर तासभर अडखळत होते! हात नुसते लाकडाचे झालेले. वाटलं, सोडूनच द्यावं."

"खबरदार! खाली मी तुझ्या ठेक्यावर विणत असते. धडधड, धडधड, मग तू ओरडतेस 'श्शी!' आणि पुन्हा पहिल्यापासून. तुझं 'श्शी' आणि माझी ओळ अगदी बरोबर संपते. काल अख्खी बाही झाली."

"अगं बाई! आणि परवा? परवा मी एकदाही चुकले नाही."

"म्हणून तर परवा सुया हातात धरून नुसती बसले! 'श्शी' काही येईना."

"काकू, तुम्ही म्हणजे ना!"

"हसतेस काय? स्वेटरला दोन बाह्या लागतात. आज हात कसा आहे?"

"आज? आज एकदम मोकळा वाटतोय."

"श्शी!"