लाल बदाम

पवनीहून अड्याळला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर मावशी-भाची बसल्या होत्या.

"मावशी, पार्वता आजीचं ते धानाच्या रोवणीचं गाणं पूर्ण शिकाचं हाय. मले आता एकच कडवं येते."

"लहानपणी तर सारं येत होतं तुले! चिखलात तिच्या मागं मागं रोवत जाये अन् तिच्याहून जोरात म्हणे."

"माह्या चॅनलचे मेंबर तेच मागून राहिले."

"मी बी झाली ना मेंबर. तू फोन उचलत नाही, पण तेथं मेसेजचं उत्तर लगेच येते."

"अवं मावशी, ते कम्प्युटर देते, माह्या नावानं. एवढे मेसेज मी कुठं वाचू?"

"मंग पार्वताबाई गेली म्हणून कळवलं, ते?"

"गेली? कुठं गेली?"

"वारली वं. रोवणीच्या आधीच. तू लाल बदाम पाठवला अन् लिहिलं, असंच प्रेम राहू द्या."

"मले खरंच माहीत नाही, मावशी."

"जाऊ दे. गाणं तर हाय तुह्यापाशी."

"एकच कडवं हाय."

"सारं हाय. दवाखान्यातून घरी आली तं तिनं माह्या मोबाईलमंधी म्हणलं, तुह्यासाठी. मी तेथंच पाठवलं. पाह्य ना."

भाचीनं मोबाईल काढून जुने मेसेज एकेक करत मागं सरकवले. मग मोबाईलमधून एक थकलेला आवाज आला.

"सुरू झालं का वं हे? प्रतीक्षा, ऐकून राहिली ना? मंग म्हण माह्या मागं."