पिशवी काढायच्या तीन तऱ्हा

...तर डॉक्टरीणबाई मलाच इचारती, "सिंधुताई, पिशवी कशी काढायची?" तुम्हाला सांगते, जल्मात कुणी मला भाजी कोणती करू म्हणून इचारलं न्हाई, अन् इथं गर्भपिशवीत गाठी, अंगावरून जाऊन जाऊन डोळ्याम्होरं अंधारी... अन् म्हणती पसंत करा!

तीन वर्षं कशी काढली? आमचे हे, शेषेराव! "थांब की. किनवट जिल्हा होऊन राहिला, मोठा दवाखाना हितंच येतो. नांदेडला कशाला मरायला जाती?" जिल्हा काय झाला न्हाई, गाठीच मोठ्या झाल्या! शेवटी नांदेडच गाठावं लागलं.

डॉक्टरीण म्हणली, एक तऱ्हा खालून, पण गाठी मोठ्या, जमणार नाही. दुसरी दुर्बिणीची, बारकी भोकं, लवकर घरी. तिसरी पोट उघडून, मग लई दिवस आराम. आराम! माझे कानच टवकारले. अन् ह्यांनी काय इचारलं? जीव वाचंल का? न्हाई! "म्याडम, घागर कोण उचलंल?" असला दुष्काळ, टँकर आला तर आला...

मी हळूच म्हणलं, "बाई, माझं पोट फाडाच!"

"अहो, गरज नाही. दुर्बिणीनं केलं तरी दीड महिना जड उचलायचं नाहीच."

ह्यांनी 'लवकर घरी' तेवढंच ऐकलं. झालं! पिशवी गेली, अन् पोटावर दाखवायला काय? चार ठिपके! ते बघून सासू म्हणणारच, घागर कोण उचलंल? मग घरी येताना रेल्वेत मुदखेड मागं पडलं, हे डब्यात जिल्ह्यावर भाषण देऊन राहिले, अन् मी संडासात जाऊन जुनं लुगडं छातीपासून कमरेपर्यंत गुंडाळलं. कण्हतच घरात शिरले.

सासूनं, नागुबाईनं, कपाळाला हात लावला. "अगं माय, पोरीचं समदं पोट चिरलं की! पड तू, पड."

पडले! लगनापासून पहिल्यांदा दिवसाउजेडी पाठ टेकली. तेवढ्यात टँकरचा हॉर्न... घागर कोण उचलंल? हे गेलेले किनवटला, जिल्ह्याच्या मोर्च्याला. खिडकीतून बघते तर म्हातारी, गुडघे वाकडे, डोक्यावर भरली घागर, अन् चालती कशी, हिकडून तिकडं झोकांड्या खात... लई रडू आलं हो. तिच्यासाठी का माझ्यासाठी, काय ठाऊक.

उठले. पोटाचं लुगडं सोडलं, त्याचीच चुंबळ केली अन् घागर माझ्या डोक्यावर घेतली. पिशवी काढायच्या तऱ्हा तीन हायत, बायांनो. घागर उचलायची एकच.