यमुनाक्कांचा जड हात

सन दोन हजार सोळा. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, वैशाख महिना. गाव तासगाव, शिंपी आळी. संवत्सराचं नाव ध्यानात ठेवा हं मंडळी, दुर्मुख! त्या वैशाखात आमच्या यमुनाक्कांचं तोंड बघून मला वाटलं, पंचांगवाल्यांनी या बाईला पाहूनच नाव ठेवलं असणार!

असो. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, तुमचा हार माझ्या गळ्यात पडला. आता आख्यान. पण आधी एक प्रश्न, आणि उत्तराची घाई नको. आपल्या माणसावर प्रेम करावं, हे तर सगळेच सांगतात. त्यात मी नवं काय सांगणार? मी विचारते ते एवढंच — त्या प्रेमाचा हात किती जड असावा?

पुढच्या काकू हसल्या! त्यांना वाटलं, बाई धपाट्याबद्दल बोलतेय. नाही हो काकू. धपाटा घालणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण मारतोय. मी बोलतेय ते मायेनं दाबणाऱ्या हाताबद्दल!

तर ऐका. तासगावच्या शिंपी आळीत विठ्ठलाचं छोटं देऊळ आहे. तिथल्या उत्सवाला मी कित्येक वर्षं कीर्तनाला जात असे, आणि माझा मुक्काम देवळाशेजारी माळवद्यांच्या घरी. घर शिंप्याचं. पुढं दुकान, मागं संसार. घरात यमुनाक्का, त्यांचा मुलगा सुहास, सून हेमांगी आणि हेमांगीचे जुळे मुलगे. यमुनाक्कांचे यजमान आधीच गेलेले.

यमुनाक्का म्हणजे काय सांगू! आळीत कुणीही बाळंत होऊ दे, तेल लावायला अक्का. पोट बांधायला अक्का. शेकशेगडीला अक्का. पैसा नाही, चहासुद्धा नाही! नुसती हौस. पण हात? अहो, जात्याची तळी! बाळंतीण कळवळली की म्हणायच्या, "दुखलं नाही, तर लागलं कसं समजायचं?"

हे त्यांचं ब्रह्मवाक्य! इथंही दोघीतिघी माना डोलावताहेत. तुमच्याही घरी होती वाटतं एक अक्का!

आता हेमांगीकडे येऊ. जुळ्यांचं बाळंतपण. पोरं गुटगुटीत झाली, पण हिच्या पोटाचे आतले स्नायू मधोमध फाकले ते फाकलेच. वरून कातडी सैल, ओघळलेली. व्यायाम केला, उपास केले, अक्कांनी पट्टे आवळले. काही उपयोग नाही. पोरं शाळेत जायला लागली तरी एसटीत लोक उठून जागा देत! "बसा ताई, कितवा महिना?"

हसू नका. तिला हसू येत नव्हतं.

आणि आदल्या वर्षी चैत्रात काय झालं? हळदीकुंकवाला एका बाईनं हिच्या ओटीत नारळ घातला, आणि कानाशी लागून म्हणाली, "या खेपेला मुलगी होऊ दे हं!" चारचौघींत! ही "हो" म्हणाली. काय करणार? घरी येऊन मोरीत नळ सोडून रडली. आणि तिनं ठरवलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ऑपरेशननं होईल. आतले स्नायू शिवायचे, जास्तीची कातडी काढायची, बेंबी नव्यानं बसवायची.

पेटीवाले दादा डोळे मोठे करताहेत! अहो दादा, शिंप्याच्या घरची सून ती. तिनं अल्टर करून घेतलं, इतकंच!

पण अक्कांना सांगायचं कसं? "पोट कमी करायला पोटावर सुरी? ही कसली हौस!" असं म्हटलं तर? तेव्हा सुहासनं युक्ती काढली. "अक्काला सांगू, हर्निया आहे." मुलगेच ते. त्यांच्या युक्त्या अशाच असतात!

ऑपरेशन झालं. आत साठणारं पाणी काढायला घातलेल्या नळ्या निघाल्या, हेमांगी घरी आली. पोटाला पट्टा, चालणं वाकून, अंगावर सूज. डॉक्टरांनी सांगितलेलं, रोज हलकी मालिश हवी, आणि ती शिकलेल्या हातानंच. त्यासाठी घरी यायच्या ग्रेस सातपुते. मूळच्या मिरजेच्या, फिजिओथेरपी शिकलेल्या, नोकरीला तासगावात. तरतरीत मुलगी, बोलणं गोड.

पहिल्याच दिवशी अक्का दारात उभ्या. बघतात तर काय! ग्रेस तेल लावत नाही, रगडत नाही. मानेशी, काखेशी, जांघेशी नुसते हात ठेवते, कातडी अलगद ताणते, सोडते. पुन्हा ताणते, सोडते.

"अगं बाई, ही मालिश म्हणायची? मांजराला गोंजारल्यासारखं?"

ग्रेस हसली. "अक्का, अंगात रक्ताशिवाय आणखी एक पाणी वाहतं. त्याच्या वाटा कातडीखालीच असतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक. ऑपरेशनमध्ये काही तुटल्या. पाणी अडलं, म्हणून ही सूज. त्याला हळूच दुसरी वाट दाखवायची. टाक्यांच्या वरचं पाणी काखेकडे, खालचं जांघेकडे. दाबलं की वाट मिटते."

"हं," म्हणाल्या अक्का. मंडळी, सासूचा 'हं' म्हणजे काय, ते सुनांना विचारा!

आणि मग ग्रेसनं पट्टा नीट करायला सोडला. अक्कांची नजर गेली. टाके! अहो, जन्म गेला शिवणीत. त्या नजरेला फसवणार कोण?

"ही हर्नियाची शिवण?" अक्का म्हणाल्या. "ह्यांचं झालं होतं हर्नियाचं, एवढीशी होती. ही तर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत! हे पोट कमी केलंय. मी जन्मभर लोकांचे ब्लाउज कमी केलेत हेमा, मला शिकवू नकोस."

हेमांगीनं चादर वर ओढली. सुहास दुकानात पळाला. गिऱ्हाईक नसताना!

"पोट कमी केलंस त्याचा राग नाही गं," अक्का म्हणाल्या. "मला का परकं केलंस?"

त्या दिवसापासून तोंड दुर्मुख! मी त्याच आठवड्यात तिथं पोचले. स्वयंपाक व्हायचा, वाढलं जायचं, पण शब्द नाही. आणि माया? माया तशीच! उलट वाढलेली, पण बोलायला वाट नाही. मग ती माया कुठून बाहेर पडणार? हातातून!

एका दुपारी अक्कांनी तिळाचं तेल कोमट केलं आणि गेल्या हेमांगीच्या खोलीत. "सूज हटत नाही, ती बाई गोंजारत बसते म्हणून. वळ कुशीला."

आता हेमांगीनं नको म्हणायला हवं होतं की नाही? म्हणाली नाही! का? खोटं बोलल्याचा सल मनात. एवढं दुखावलंय, आता हात तरी कसा नाकारू? ती कुशीला वळली. आणि अक्कांनी कंबर रगडली, कूस रगडली, पोटाची बाजू रगडली. हेमांगीनं उशी चावली.

"दुखतंय?"

"नाही."

सकाळी बघतात तर डावी बाजू फुगून आलेली, कातडी निळी. हात लावला की आत पाणी डुचमळतंय! धावत कोल्हापूर. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं. म्हणाले, "पुन्हा साठलं तर परत नळी घालावी लागेल. टाक्यांनाही धोका आहे. कुणी दाबलं?"

घरी आल्यावर ग्रेसनंही तेच विचारलं. "कुणी दाबलं, हेमांगीताई?"

"मीच," हेमांगी म्हणाली. "खाज येत होती, मीच चोळलं."

दाराआड अक्का उभ्या होत्या. मीही होते मागं. अक्का आत गेल्या आणि म्हणाल्या, "खोटं बोलतेय ती. दुसऱ्यांदा बोलली. पहिलं खोटं मला फसवायला होतं. हे मला झाकायला आहे." आणि आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. "हे हात हिला पुन्हा लागायचे नाहीत."

मंडळी, आता सांगा, हे बरं झालं की वाईट? तुम्ही म्हणाल, बरं झालं, सुटली सून! पण तसं नाही. अक्का खोलीत येईनात. पाण्याचा तांब्या दाराशी ठेवायच्या आणि वळायच्या. घरात असून नसल्यासारखी बाई! हेमांगी मला म्हणाली, "ताई, त्या दाबत होत्या ते सोसलं. हे सोसत नाही."

त्यात ग्रेसच्या भावाचं लग्न निघालं. तिला मिरजेला जाणं भाग. मालिश खंडू द्यायची नव्हती, पाणी पुन्हा साठायची भीती. कुणाला तरी शिकवून जायला हवं. सुहासला शिकवायला घेतलं, तर त्याच्या हातानं हेमांगीला गुदगुल्या होतात! टाके ताणले जातील हसण्यानं! त्याला हाकलला. हेमांगी म्हणाली, "अक्का करतील तर करू दे. नाहीतर राहू दे."

ग्रेसनं अक्कांना बसवलं आणि स्वतःचा हात पुढं केला. "माझ्यावर शिका." अक्कांनी मनापासून हलकं लावलं. ग्रेसचा हात लालभडक! पुन्हा लावलं. पुन्हा लाल! अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नको पोरी. माझा हात हलका होत नाही. त्यात दोषच आहे."

दुसऱ्या दिवशी चंदनउटी. वैशाखाच्या उन्हात देवाला थंडावा म्हणून आळीतल्या बायका सकाळपासून सहाणेवर चंदन उगाळतात, आणि दुपारी देवाच्या सर्वांगाला त्याचा लेप देतात. लेप द्यायचा मान माळवद्यांच्या घराचा, म्हणजे अक्कांचा. मी खांबाशी बसलेली. शेजारी हेमांगी, पट्टा बांधून, घर चिकटूनच म्हणून हळूहळू आलेली. मिरजेला निघालेली ग्रेस निरोप घ्यायला दाराशी उभी.

अक्कांनी उटी घेतली. कपाळ, गाल, खांदे, छाती. काय सांगू मंडळी! तळवा टेकतोय, पण दाबत नाही. उटी पुढं सरकते, पण तिच्यावर बोटाचा ठसा नाही. हात थांबतो, सुटतो, पुन्हा टेकतो. आणि देव — तो आपला कमरेवर हात ठेवून मजेत!

ग्रेस दारातून ओरडली, "अक्का! थांबू नका!"

"काय झालं गं?"

"हाच! हाच हात! मी कालपासून घसा कोरडा करून हाच सांगतेय!"

अक्का हसल्याच. "वेडी का काय? हा देवाचा हात. जरा दाबलं की उटी बोटाला येते, देवाच्या अंगावर राहत नाही. माणसाला असला हात काय लागणार?"

तेव्हा हेमांगी बोलली. हळूच. "अक्का, देव दगडाचा आहे. दाबलंत तरी त्याला दुखणार नव्हतं. मी तर मांसाची आहे हो."

सहाणेवरचे हात थांबले. अक्का एकदा देवाकडे बघतात, एकदा हाताकडे. मंडळी, दगडाला हलका हात आणि माणसाला जड! चुकलं कुठं? माया कमी होती का? छे! देवाजवळ जाताना आपण जपून जातो. घरच्या माणसाजवळ जाताना म्हणतो, आपलंच तर आहे!

अक्कांनी उटी पुरी केली, हात धुतले आणि हेमांगीपुढं येऊन बसल्या. तिचा दंड मांडीवर घेतला. ग्रेसनं वाकून पाहिलं. कातडी अलगद सरकली, अलगद परतली. लाल नाही!

घरी जाऊन ग्रेसनं नीट दाखवलं. आधी मान, मग काख, मग जांघ. टाक्यांना बोट लावायचं नाही. आणि मगच ती लग्नाला गेली. पुढं रोज अक्काच.

"दुखतंय?"

"नाही, अक्का."

"मग लागलं कसं समजायचं?"

"लागतंय. डोळा लागतोय माझा."

अशा एका दुपारी हेमांगीनं त्या नारळाची गोष्ट सांगितली. अक्कांचा हात थांबला. "कोण गं ती? नाव सांग. तिचा ब्लाउज येऊ तर दे दुकानात. बाहीच शिवत नाही तिची!" दोघी इतक्या हसल्या, की मलाच ओरडावं लागलं, "अगं टाके! टाके सांभाळा!"

सूज उतरली. पाणी पुन्हा साठलं नाही. नळी घालावी लागली नाही.

आता मंडळी, मूळ प्रश्न तुमच्याकडे. घरी गेल्यावर आपला हात बघा. "तुझ्या भल्यासाठीच बोलते" असं म्हणत आपण कुणाकुणाला रगडतो? मुलाला अभ्यासानं, सुनेला रीतीनं, म्हाताऱ्या नवऱ्याला पथ्यानं! आणि समोरचा नको म्हणत नाही, म्हणून त्याला दुखत नाही असं समजतो. उशी कुणी चावतंय का, तेवढं बघा. आणि सुनांनो, तुम्हीही ऐका! दुखत असेल तर "नाही" म्हणू नका. नाही तर आपलं माणूस शिकणार कसं?

पुढं कोणाचं काय झालं, ते सांगून बसते. ही गोष्ट मी चोरून सांगत नाही बरं. हेमांगीच म्हणाली, "ताई, नाव घालून सांगा. लपवून काय मिळालं मला?" ती आता दुकान बघते. बाळंतपणानंतर पोटावरून मनात कुढणाऱ्या बायका तिच्याकडे माप द्यायला येतात आणि तासभर बोलून जातात. सुहासचं पोट मात्र सुटलंय. त्याचं ऑपरेशन कुणी करत नाही, भाकरी कमी करा म्हणतात! जुळे दहावीला आलेत. ग्रेसचं सांगलीत स्वतःचं क्लिनिक आहे, घरी एक लेक आहे. मी ही अशी, गुडघे धरून उभी राहते, पण तुमच्यापुढं आले की दुखणं विसरते.

आणि यमुनाक्का? त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. झोपेत, शांत. निरोप आला तशी मी पोचले. शेवटची अंघोळ घालायला आळीतल्या बायका जमल्या होत्या. ऊन चढत होतं, पुरुष बाहेर खोळंबले होते, बायकांनी भराभर पाणी ओतायला घेतलं. तेवढ्यात हेमांगी पुढं झाली. तिनं तांब्या हातात घेतला.

"हळू," म्हणाली. "हळू घाला."

एक बाई म्हणाली, "अगं हेमा, आता त्यांना काय कळतंय?"

हेमांगीनं अक्कांच्या खांद्यावर तळवा ठेवला, अलगद, आणि वरून पाणी सोडलं.

"मला कळतंय ना," म्हणाली.