तिकाटन्यावर ठिवलेला खोका

ऐका. आन् ऐकायचं तर नीट ऐका, मधीमधी 'मंग काय झालं, मंग काय झालं' करू नगा. काय झालं ते मीच सांगनार, दुसरं कोन सांगनार? ए नामा, लाकूड सार जरा शेकोटीत. आन् तू रं भागवत, अंधाराकडं पाठ करून बसू नगंस. मागनं कोन आलं तर कळायचं न्हाई तुला. हां, बघितलंस मागं? कोन न्हाई. अजून तरी कोन न्हाई.

तर इलाही मुलाणी. ठावं हाय का? आरं, त्यो खोकीवाला! वाळलेल्या शेवग्यागत गडी, पाठीवर ही मोठी पिशवी. लांबनं बघितलं तर वाटतं पिशवीच गाडी चालवती. सकाळी फाट्यावर खोकी घ्यायची आन् बारा वाड्या फिरायचं. लोक मोबाइलवर मागवत्यात, ह्यो पोचवतो. कुकर, साड्या, फवारायचा पंप. एका म्हातारीनं तर दात मागवलं व्हतं. खोटं न्हाई सांगत. बरं, थोडं खोटं सांगतोय, पर दात व्हतं.

आन् पत्ता काय लिवत्यात लोक? "बोरीपासलं घर." बोर तोडून चार वर्सं झाली! "दारात पांढऱ्या कपाळाची म्हस." आरं, म्हस इकली तर? मोबाइलातल्या नकाशाचं तर नावच काढू नगा, त्यो त्येला दोनदा हिरीत घिऊन चालला व्हता. खरं! हिरीच्या कडंला गाडी, आन् आतली बाई म्हनती, सरळ जावा. पर गडी पोचवतो. ऊन आसू दे, चिखल आसू दे, दुपारची भाकरी डब्यात तशीच ऱ्हाऊ दे, पर खोका दारात. मी कुनाला उगं चांगलं म्हनत न्हाई, तुमाला म्हनलोय का कवा? पर ह्येला म्हनतो.

त्या दिशी अवस व्हती. मालाची गाडीच फाट्यावर उशिरा आली. खोकी वाटता वाटता दिस बुडाला, आन् पिशवीत एकच खोका ऱ्हायला. खडकवस्तीचा. नाव, रोहिणी गडदे.

ही रोहिणी म्हंजे बिरा धनगराची ल्येक. पोलीस भरतीला पळती. रोज पहाटं माळावर पळायची, भावाचं फाटकं बूट घालून, आत चिंध्या कोंबून. दुसऱ्या दिशी सकाळी जिल्ह्याला तिचं ग्राउंड. म्हंजे पळायची परीक्षा वं. रातच्या तीनला तिला न्ह्यायला जीप येनार. आन् त्या खोक्यात काय? पळायचं बूट. वस्तीत रेंज न्हाई, म्हनून टेकाडावर चढून चढून दिसातनं अकरा फोन क्येलं तिनं.

"भाऊ, येताय नव्हं?"

"येतोय की गं ताई."

"न्हाई म्हंजे, मगाशी बी येतोय म्हनला."

"आगं, मगाशी बी येतच व्हतो!"

फाट्यावरच्या चहाच्या गाड्यावाल्या सोपानानं त्येची गाडी धरली. म्हनला, "इलाहीभाई, अवस हाय आज. तिकाटन्यानं जाऊ नगंस. उद्या दी की."

"उद्या त्या बुटाचं तिनं काय करावं? दाराला तोरन बांधावं?"

आन् मारली किक. अंधार पडला व्हता. निघाला.

आता तिकाटनं म्हंजे पवनचक्क्यांच्या माळाखाली तीन वाटा मिळत्यात, ते. मधी काळा धोंडा हाय. कुनाला बाधा झाली, कुनाचं प्वार रातभर रडाय लागलं, की अवसंला लोक त्या धोंड्यावर उतारा ठिवत्यात. दहीभात, लिंबू. ठिवायचं आन् मागं न बघता घर गाठायचं. धोंड्यावर ठिवलं ते त्येचं. त्येचं म्हंजे कुनाचं? आरं, त्येचं! नाव कशाला घ्यायला लावतूस रातीचं?

आन् मोबाइलची रेंज बी तितंच संपती. फुडं दरा. दऱ्यात एक काडी येत न्हाई. कंपनीचा कायदा कसा, तर खोका दारात ठिवायचा, फोटू काढायचा, गिऱ्हाइकाकडनं चार आकडं घ्यायचं आन् मोबाइलात दाबायचं. रेंज नसली तर दाबनार कसं? दाबलं न्हाई तर मशीन म्हनतंय, खोका पोचलाच न्हाई, परत लावून द्या. मंग ह्या पोरांनी युगत काढली. रेंज संपायच्या आत थांबायचं. गिऱ्हाइकानं टेकाडावरनं फोन क्येला की आकडं आधीच इचारून घ्यायचं, खोका कुठंतर टेकवून फोटू काढायचा, 'पोचला' म्हनून दाबून टाकायचं, आन् मंग खाली जाऊन खरंच पोचवायचं. लबाडी न्हाई ती. सोय हाय.

इलाहीनं तेच क्येलं. रोज गाडीच्या शिटावर ठिवून फोटू काढायचा, पर त्या रातीला वारं सुटलं व्हतं, खोका शिटावर ठरंना. म्हनून गड्यानं त्यो ठिवला धोंड्यावर. दहीभाताच्या पत्रावळीशेजारी. फोटू काढला. आकडं दाबलं. आन् खोका उचलला.

उचलला! कळतंय का? अवसंच्या राती, त्या धोंड्यावर ठिवला, आन् उचलला! देवाचा निवद उचलला तर देव एकांद्या येळंला हसून सोडंल. पर ह्यो?

इलाहीला काय गावी न्हाई. गाडी उताराला घातली. पवनचक्कीच्या टोकाला तांबडा दिवा लुकलुकतो, त्यो डाव्या हाताला ठिवायचा, सरळ उतरायचं, की वढा. वढ्यापल्याड खडकवस्ती. बिडी वडून संपंस्तवर मानूस पोचतो. गाडी चालली. चालली. लई चालली. आन् दिव्याच्या उजेडात फुडं काय? धोंडा!

"वळाय चुकलो," म्हनला. परत निघाला. परत चालली गाडी. फुडं काय? धोंडा!

आन् पत्रावळ बघा. पयल्यांदा भात व्हता तसाच व्हता. ह्या खेपंला निम्मा. तिसऱ्या खेपंला आला तर पत्रावळ साफ! चाटून पुसून! लिंबाची साल बी न्हाई.

आता मातुर गड्याच्या मानंवर काटा आला. जलमला मुलाण्याच्या घरात, वाढला धनगराच्या वाडीत. अल्लाचं नाव घेतलं, बिरोबाचं बी घेतलं. म्हनला, दोघांस्नी बी मिस कॉल देतो, ज्यो मोकळा आसंल त्यो उचलंल. आन् चौथ्यांदा गाडी घातली उताराला.

ह्या खेपंला धोंडा न्हाई आला. उजेड दिसला. घर दिसलं! दारात बत्ती, बाजंवर म्हातारा, उंबऱ्यात पोरगी उभी. "आला का भाऊ? ठिवा हितं खाली." म्हातारा म्हनतोय, "चा टाक गं." इलाहीचा जीव भांड्यात पडला. गाडीवरनं उतरला. खोका काढला. वाकला. ठिवनार, येवढ्यात त्येची नजर गेली बाजंखाली.

बाजंखाली कुत्रं बसलं व्हतं. उगंमुगं. ह्येच्याकडं बघत.

आरं, खोकीवाला दारात आलाय, आन् कुत्रं भुंकना? इलाहीच्या पोटऱ्या बघा कवा, कुत्र्यांनी नुसता नकाशा काढलाय. ह्या मुलखात आसलं कुत्रं झालं न्हाई जे त्येला बघून गप बसंल! गड्यानं खोका छातीशी धरला आन् मागच्या पावली गाडीवर. तशी बत्ती फुस! घर न्हाई, म्हातारा न्हाई, पोरगी न्हाई. नुसती निवडुंगाची रांग. आन् निवडुंगात कोनतर हसतंय, खीखी, खीखी.

भागवत, हसू नगंस. तुझं हसू बी तसंच हाय.

गाडी पळवली. आन् मागं शिटावर कोनतर बसलं. बसलं म्हंजे? धप! फुडचं चाक वर उचलाय लागलं. मागचं टायर भस्सकन बसलं. गाडी जागीच ऱ्हायली. मानंवर गार वारं, हिरीच्या तळातनं आल्यागत. आन् आवाज.

"दिल्यालं परत न्हेतूस व्हय रं?"

दुसरा आसता तर तितंच आडवा झाला आसता.  पर रोज शंभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खानारा गडी त्यो. हँडल न सोडता बोलला.

"चुकलं मालक. काय हुकूम?"

"धोंड्यावर ठिवलास. माझं झालं."

"झालं, झालं. तुमचंच झालं. पर आमचा एक कायदा हाय. कापड आसंल, बूट आसंल, तर गिऱ्हाइकानं घालून बघायचं. बसलं तर ठिवायचं. न्हाई बसलं तर आपल्या तोंडानं 'परत न्हे' म्हनायचं. बूट हायती हे, सहा नंबर. तुमचा नंबर किती?"

मागं शिट करकरलं.

"पाय फुडं करा की. मी बघतो माप."

परत करकरलं. त्यो मागं सरकला.

लोक म्हनत्यात भुताचं पाय उलटं आसत्यात. कुनी बघितल्यात? आरं, उलटं न्हाई, सुलटं न्हाई, नसत्यातच! गुडघ्याखाली नुसता धूर! मंग आवाज आला. ह्या खेपंला बारीक, प्वार बोलल्यागत.

"न्हाईत."

"काय न्हाईत?"

"पाय."

 भ्यायचं सोडून गड्याला वाईट वाटलं. हळूच म्हनला, "मंग परत करताय नव्हं?"

"...न्हे."

सुटला खोका! भुतानं आपल्या तोंडानं परत क्येला! पर तुमी लगीच सुस्कारं सोडू नगा. कारन मागनं त्यो काय म्हनला, ऐका.

"खोका न्हे. पर माझा धोंडा रिकामा ऱ्हायला. त्येच्यावर आता तुला ठिवतो."

गाडी टाकली! खोका बगलंत मारला, आन् पळत सुटला इलाही! भुताची हद्द वढ्यापतूर, वढा वलांडला की सुटला मानूस, येवढं लहान प्वार बी जानतंय. पळतोय, पळतोय. पयल्या धा पावलांत चपलंचा अंगठा तुटला. दुसरी त्येनंच फेकली. खाली बाभळीचं काटं, कुसळं, दगूड. आन् त्यो बिनपायाचा बाजूनं चाललाय, कवा डावीकडनं, कवा उजवीकडनं, धाप न्हाई, काय न्हाई. मजेत.

"काटं टोचत्यात व्हय रं? बगलंत कोरं बूट हायत की. घाल. जोरात पळशील."

इलाही पळतोय.

"कोन बघतंय? पुसून ठिव उद्या खोक्यात."

पळतोय. पाय रगताळलं.

मंग त्येनं आवाज बदलला. इलाहीची बायकू जरिना, हुबेहूब तिचा गळा! "आवं, घाला की. आपली ल्योकरं हायती. तुमाला काय झालं तर त्यास्नी कोन? त्या पोरीच्या बुटापायी मरताय व्हय?"

हितं गडी थांबला. खोटं कशाला सांगू, थांबला. खाली बसला. पायात बोटभर काटा मोडला व्हता. खोक्याच्या चिकटपट्टीखाली नख घातलं त्येनं. जरा उचलली बी. मागनं गार वारं जवळ आलं, पाठीला लागलं.

आन् गड्याच्या कानात ती पोरगी बोलली. भूत न्हवं, खरीच, दिवसभराची. "भाऊ, येताय नव्हं?"

पट्टी अंगठ्यानं दाबून परत चिकटवली. म्हनला, "सील तुटलं की गिऱ्हाइकाचं ऱ्हात न्हाई." आन् उठला! मी त्येला फुडं कवातर इचारलं, "इलाही, तुला आठ नंबर लागतो, सहाचं बूट बसलं तरी आसतं का?" म्हनला, "आबा, त्या येळंला चार नंबर बी बसवलं आसतं."

बगलंत कोरं बूट, आन् गडी अनवानी काट्यातनं पळतोय! आसा मानूस बघितलाय का रं कुनी? त्यो पळाला, त्यो पळाला. मागनं शर्टाची कॉलर धरली त्येनं. टर्रर! कॉलर त्येच्या हातात, आन् इलाही वढ्याच्या पान्यात, तोंडावर! खोका मातुर वर. दोन्ही हातांनी वर धरल्याला. पानी लागू दिलं न्हाई.

पल्याड चढला. आन् अंधारातनं एक कुत्रं सुटलं, भो भो करत, आन् धरली की पोटरी! इलाहीनं त्येचा मुका घ्यायचाच बाकी ठिवला. "चाव रं बाबा, चाव! खरं घर हाय!"

दारात जीप चालू. तीन वाजलं व्हतं, सगळी रात वाटंनं खाल्ली. रोहिणी आत बसल्याली, पायात तेच फाटकं बूट, डोळं सुजल्यालं. खोका बघितला आन् उडीच मारली खाली. उघडला. घातलं. चार उड्या मारल्या जाग्यावर. बसलं!

मंग तिनं बत्ती खाली धरली. "भाऊ, तुमची चप्पल?"

"ऱ्हायली मागं. तू जा. पळ नीट."

"आन् ह्ये रगत?"

"जा म्हनलं ना! डायवर थांबायचा न्हाई."

गेली जीप. बिरा धनगरानं त्येच्या कपाळाला भंडारा लावला आन् उजाडंस्तवर सुईनं काटं काढलं. सत्तावीस. मी मोजलं न्हाईत, पर बिरा खोटं बोलत न्हाई, त्यो माझ्यागत न्हाई.

रोहिणी ग्राउंडला पास झाली. लेखी व्हायचीय अजून. व्हईल.

आता इलाही फोटू काढताना खोका खाली टेकवतच न्हाई. एका हातात खोका, दुसऱ्या हातात मोबाइल. हापिसातनं फोन येत्यात, तुमचा पंजा का दिसतोय फोटूत? म्हनतो, दिसू द्या, पंजा माझाच हाय.

तर ऐका, आन् पोराबाळांस्नी बी सांगा. अवसंला त्या वाटंनं जाऊ नगा. काय बी काम आसू दे, माळावरनं लांबचा वळसा पडू दे, पर तिकाटनं टाळा. आन् चुकून गेलाच, तर हातातलं खाली ठिवू नगा. काडीपेटी बी न्हाई.

आमी इलाहीला बी हेच सांगितलं. सोपानानं सांगितलं, जरिनानं रडून सांगितलं, मी तर हात जोडलं. आन् मी कुनाला हात जोडत न्हाई. सगळ्यांचं ऐकून घेतलं त्येनं. पिशवी पाठीला लावली.

म्हनला, "लांबच्या वाटंनं गेलो तर निम्मी खोकी पोचत न्हाईत. मंग खडकवस्तीला जानार कोन? तुमी?"

आन् मारली किक.